आधी ब्रेक, मग बाकीचं

जुनी मोटार जपणारे हौशी लोक आपल्याकडे कमी नाहीत. रविवारी सकाळी त्या गाड्या धुऊनपुसून बाहेर निघतात, रॅलीत मिरवतात, लग्नसराईत नवरदेवाला मांडवात नेतात. ट्रकच्या नशिबी हे सुख क्वचित येतं. ट्रक ही कमावती वस्तू. लांबच्या फेऱ्या झेपेनाशा झाल्या की तो वाळू-खडी ओढतो, मग त्याचा पाण्याचा टँकर होतो, मग वीटभट्टी, आणि शेवटी गॅसकटरनं तुकडे होऊन तो वजनावर विकला जातो. मोडीत निघालेल्या लोखंडाचा भाव हाच जुन्या ट्रकचा सगळ्यात मोठा शत्रू.

तरीही एखाद्याच्या डोक्यात किडा वळवळतोच. वडिलांचा किंवा आजोबांचा ट्रक वाड्याच्या मागं गवतात उभा असतो आणि तो पुन्हा चालता करावा असं वाटू लागतं. नुसता चालताच नाही, तर आजच्या रस्त्यावर, आजच्या रहदारीत चालेल असा. जुनं रूप राखणं आणि नवी क्षमता भरणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि ती एकमेकांच्या पायात पाय घालतात. ट्रकच्या बाबतीत हा गुंता मोटारीपेक्षा जास्त, कारण इथं प्रश्न टनांचा असतो.

आपल्याकडे असा ट्रक म्हटलं की बहुतेकदा लांब नाकाचा टाटा-मर्सिडीज डोळ्यांपुढं येतो. टेल्को ही टाटांची कंपनी 1945 साली निघाली ती रेल्वेची इंजिनं बांधायला. 1954 मध्ये तिनं पश्चिम जर्मनीच्या डाइम्लर-बेन्झशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपुरात ट्रक बनू लागले. करार 1969 मध्ये संपला आणि जाळीवरच्या तीन टोकांच्या ताऱ्याच्या जागी टाटांचा ‘टी’ आला. सुरुवातीच्या एल-312 मध्ये सहा सिलिंडरचं, 4.58 लिटरचं डिझेल इंजिन होतं. ताकद शंभर अश्वशक्तीच्या अलीकडे-पलीकडे. आज बाजारात जायला घेतलेल्या मोटारीलाही एवढी ताकद असते! पुढच्या मॉडेलांचे आकडे मात्र स्वतःच बोलतात. 1210 म्हणजे मालासकट वजन साधारण 12 टन आणि ताकद शंभर अश्वशक्तीच्या घरातली. 1612 म्हणजे 16 टन आणि 120 च्या आसपास.

असा ट्रक ताब्यात आला की पहिला मोह होतो इंजिनाचा. ते सुरू झालं, काळा धूर निघाला, की निम्मं काम झालं असं वाटतं. खरं तर आधी गाडीखाली पाठीवर झोपून चासी बघायला हवी.

ट्रकची चासी म्हणजे ‘सी’ आकाराच्या दोन लांब पोलादी पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे, शिडीसारखी रचना. पट्टीच्या वरच्या आणि खालच्या आडव्या कडा वेगळ्या आणि मधली उभी भिंत वेगळी. हौद्यात माल भरला की चासी किंचित वाकते. त्या वेळी वरची कड दाबली जाते, खालची ताणली जाते, आणि उभ्या भिंतीच्या मध्यावर हा ताण नगण्य असतो. म्हणून भोक पाडायचं तर उभ्या भिंतीत, कडेत कधीच नाही. कडेत पाडलेलं लहानसं भोकही तड्याची सुरुवात ठरू शकतं. जुन्या ट्रकांमध्ये नेमकं उलटं सापडतं: कोणीतरी कधीतरी हौदा घट्ट बसावा म्हणून खालच्या कडेला भोकं पाडलेली, वेल्डिंग मारलेलं, वर काळा रंग फासलेला. स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर जिथं चासीला बसतात तिथला रंग आणि गंज तारेच्या ब्रशनं घासून काढावा आणि बॅटरी तिरकी धरून बघावं. केसाएवढी रेघही सावली टाकते. शंका असेल तिथं भेदक रंग लावून तपासणी करून घ्यावी. महागडी नसते.

तडा सापडला की नुसतं वेल्डिंग करून भागत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेनं शेजारच्या पोलादाचा गुण बदलतो आणि पुढचा तडा जोडाच्या कडेनंच निघतो. तडा टोकापर्यंत शोधून तिथं बारीक भोक पाडून तो थांबवायचा, खोबण करून भरायचा, मग आतून जोडपट्टी लावायची. ही पट्टी चौकोनी कापू नये, टोकं तिरपी ठेवावीत. पट्टी जिथं एकदम संपते तिथं ताण गोळा होतो. सैल झालेले रिव्हेट काढून त्या जागी भोक रीमरनं साफ करून घट्ट बसणारे, चांगल्या प्रतीचे बोल्ट घालतात. रिव्हेट ठोकणारा जुना कारागीर मिळाला तर नशीब थोर.

चासी धड निघाली की ब्रेक. इंजिनाच्या आधी.

कारण साधं गणित आहे. वेगाच्या वर्गाच्या पटीत गाडीतली ऊर्जा वाढते. जो ट्रक आयुष्यभर ताशी 50 किलोमीटरनं चालला त्याला तुम्ही 80 नं पळवलंत तर वेग वाढतो 1.6 पट, पण ब्रेकना गिळावी लागणारी ऊर्जा वाढते जवळजवळ 2.6 पट. आणि हा झाला सपाट रस्ता. बोरघाट घ्या. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे 550 मीटर खाली येते. 12 टनांच्या ट्रकची त्या उतारावरची ऊर्जा मांडली तर साडेसहा कोटी ज्यूल निघतात, म्हणजे तोच ट्रक 80 च्या वेगातून बावीसेक वेळा पूर्ण थांबवण्याइतके. एवढ्या उष्णतेनं 200 लिटर पाणी उकळीला येईल. काही वाटा हवेशी आणि टायरशी होणाऱ्या घर्षणात जातो, काही इंजिन अडवतं. उरलेलं सगळं ड्रमच्या माथी. ड्रम तापतो, फुगतो, बुटांपासून लांब जातो. लायनिंग तापून गुळगुळीत होतं, घर्षण कमी होतं. पेडल दाबलं जातं आणि गाडी मात्र ऐकत नाही. घाटात मागच्या चाकांतून जळका वास येतो तो याचा.

त्या काळच्या अनेक गाड्यांत पेडलपासून चाकापर्यंत तेलाची एकच वाट असे. एक नळी फुटली की पेडल थेट फळीला टेकायचं. म्हणून पहिली सुधारणा ही की पुढच्या आणि मागच्या चाकांना स्वतंत्र वाटा द्यायच्या. एक गेली तर दुसरी उरते. त्याहून चांगलं म्हणजे त्याच घराण्यातल्या नंतरच्या मॉडेलचे आस ड्रमसकट घेऊन पूर्ण हवेचे ब्रेक बसवणं. यात पार्किंग ब्रेकची युक्ती मोठी शहाणपणाची आहे. मागच्या डब्यात एक जबर स्प्रिंग असते, हवा तिला दाबून ठेवते. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि ब्रेक आपोआप लागतात. म्हणजे बिघाड झाला तर गाडी उभी राहते, सुटत नाही. हा डबा घरी खोलायच्या भानगडीत मात्र पडू नये. आतली स्प्रिंग माणसाचा जीव घेऊ शकते.

उतारासाठी एक्झॉस्ट ब्रेकही बसवावा. डिझेल इंजिनात हवा आत येण्याची वाट सहसा मोकळीच असते, त्यामुळे पाय काढल्यावर ते पेट्रोल इंजिनाइतकं गाडीला अडवत नाही. एक्झॉस्टच्या नळीत झडप टाकून ती बंद केली की इंजिनाला स्वतःच कोंडलेला धूर ढकलावा लागतो आणि तेच गाडीला मागं खेचतं. ड्रम थंड राहतात. बाहेरून काही दिसत नाही, त्यामुळे जुन्या रूपालाही धक्का नाही. अशा न दिसणाऱ्या सुधारणांवर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे.

एक सावधगिरी ड्रम खोलण्याआधीच. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. मिस्त्री सवयीनं हवेचा पाइप धरून ड्रममधली धूळ उडवतात. ते करू देऊ नये. पाणी मारून, ओलं करून पुसून घ्यावं. ती धूळ फुप्फुसात कायमची बसते.

चाकांची गोष्टही जिवाशी गाठ असलेली. जुनी 20 इंची डिस्क अखंड नसते. टायर, ट्यूब आणि फ्लॅप चढवल्यावर त्यांना अडवून धरणारी एक पोलादी लॉक रिंग खोबणीत बसवतात. हवा भरताना दाब 100 पौंडांच्या आसपास जातो. रिंग गंजलेली किंवा नीट न बसलेली असेल तर ती तोफेच्या गोळ्यासारखी सुटते. म्हणून पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरायची आणि समोर उभं राहायचं नाही. यावर कायमचा उपाय ट्यूबलेस डिस्कचा आहे. 9.00-20 च्या जुन्या टायरला बाहेरच्या व्यासात जवळचा पर्याय आहे 10आर22.5. डिस्क मोठी दिसते, टायरची भिंत बसकी दिसते. बारकाईनं बघणाऱ्याला खटकेल. मला ही तडजोड मान्य आहे. आणि टायर कुठलाही घ्या, भिंतीवरचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कोरी दिसली तरी दहा-पंधरा वर्षं उन्हात पडलेला टायर हा टायर नव्हे.

आता इंजिन.

इथं दोन पंथ आहेत: आहे तेच बांधायचं, किंवा बदलायचं. आहे ते बांधायचं तर आधी मोजमाप. सिलिंडर वापरानं नुसता मोठा होत नाही, लंबगोल होतो, आणि वरच्या टोकाला, जिथं पहिली रिंग उलटी फिरते तिथं सगळ्यात जास्त झिजतो. म्हणून एकाच जागी मोजून उपयोग नाही; वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांनी मोजायचं. क्रँक घासून दहा, वीस किंवा तीस थाऊ (इंचाचा हजारावा भाग) कमी मापाची बेअरिंगं घालता येतात. आधीच तीस झालेली क्रँक हाती आली तर ती वाचवायचा हट्ट सोडावा. बाजारात न मिळणारे ओतीव भाग, म्हणजे पाण्याच्या पंपाचं घर, थर्मोस्टॅटचं झाकण वगैरे, नमुना दिला तर पुन्हा ओतून मिळतात. कोल्हापूरच्या उद्यमनगराचं नाव असल्या कामांसाठीच आहे. बाकी शोधाशोध करायला कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि पुण्याचा जुना बाजार आहेतच.

जुन्या 4.58 लिटरच्या इंजिनाची एक खासियत जाणून घ्यावी. त्यात डिझेल सरळ सिलिंडरमध्ये फवारलं जात नाही. हेडमध्ये एक छोटी कोठडी असते, ज्वलन तिथं सुरू होतं आणि जळता वायू अरुंद वाटांनी सिलिंडरमध्ये घुसतो. आवाज मऊ येतो, पण कोठडीच्या भिंती उष्णता खातात, म्हणून डिझेल जास्त लागतं आणि थंडीत हीटर प्लग तापवल्याशिवाय इंजिन दाद देत नाही. नंतर टाटांनी थेट फवारणीची इंजिनं आणली. त्यांच्या नावातही हिशेब आहे: 692 म्हणजे सहा सिलिंडर, 92 मिलिमीटर व्यास, 4.79 लिटर, 697 म्हणजे सहा सिलिंडर, 97 मिलिमीटर व्यास, 5.68 लिटर. वंशावळ एकच, त्यामुळे जुन्या नाकाखाली ही इंजिनं शोभून दिसतात. त्या काळचा मालकही पहिलं इंजिन दमल्यावर हेच करायचा, म्हणून मला हा बदल बदलासारखा वाटतच नाही.

त्यापुढची उडी म्हणजे कमिन्सचं 5.9 लिटरचं सहा सिलिंडरी इंजिन. 1993 मध्ये टाटा आणि कमिन्स यांची संयुक्त कंपनी निघाली आणि जमशेदपूरला ते बनू लागलं. अमेरिकेत तर जुने ट्रक नव्यानं बांधणाऱ्यांचं ते लाडकं दैवत आहे. सुटे भाग कुठंही मिळतात, टर्बो मूळचाच, ताकद सहज दीडपट. पण ही ताकद क्लचमधून, गिअरपेटीतून, प्रोपेलर शाफ्टमधून आणि क्राउन-पिनियनमधून जायची आहे, आणि ही सगळी मंडळी जुन्या, कमी जोराच्या इंजिनासाठी बनलेली आहेत. एक बदललंत की पुढचं बदलावं लागतं, तिथून पुढचं. शेवटी जुनं काय उरतं? बोनेट आणि दारं.

सगळ्यात वाईट मार्ग जुन्या साध्या इंजिनावर बाहेरून टर्बो चढवण्याचा. मूळ टर्बो इंजिनात पिस्टनवर खालून तेलाची धार मारून ते थंड ठेवायची सोय बहुधा असते, कॉम्प्रेशनचाही विचार केलेला असतो. साध्या इंजिनात हे काही नाही. पहिल्या लांब चढावर पिस्टनचा माथा वितळला तर दोष टर्बोचा नाही.

या सगळ्या थाटामाटापेक्षा पंप आणि नोझल नीट करून घेण्यानं इंजिन जास्त बदलतं, असा अनुभव कुठलाही जुना डिझेल मिस्त्री सांगेल. पंप मायकोचा असतो. बॉशच्या सहकार्यानं 1951 साली बंगळुरूत निघालेल्या या कंपनीचा नोझलचा कारखाना नाशिकला सातपूरमध्ये आला, आणि नाशिककरांच्या तोंडी तिथल्या एका चौकाचं नाव आजही मायको सर्कलच आहे. पंप टेस्ट बेंचवर चढवतात तेव्हा बघत उभं राहावं. सहा नळ्यांखाली काचेच्या सहा मोजपट्ट्या असतात. पंप ठरावीक फेरे फिरतो, डिझेल पडतं, आणि सहाही पातळ्या डोळ्यांसमोर शेजारी शेजारी उभ्या राहतात. एक वर, एक खाली असेल तर इंजिन का थरथरत होतं ते कोणी सांगावं लागत नाही. मग नोझल. हाताच्या तरफेनं दाब द्यायचा. थेट फवारणीच्या इंजिनांत साधारण 200 बारला नोझल ‘कर्र’ असा आवाज करून उघडतं आणि धुक्यासारखा फवारा येतो. आवाज नाही, टोकाला थेंब लोंबतोय, तर तेच थेंब सिलिंडरमध्ये काळा धूर होत होते.

आजचं डिझेलही जुन्या पंपाच्या ओळखीचं नाही. 1 एप्रिल 2020 पासून आपल्याकडच्या डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत दहा भागांवर आलं; या ट्रकांच्या ऐन उमेदीत ते त्याच्या शेकडो पटींनी जास्त असे. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा अंगचा वंगणपणाही कमी होतो, म्हणून त्यात वेगळं द्रव्य मिसळतात. रांगेतल्या जुन्या पंपाचा खालचा भाग इंजिन ऑइलवर चालत असल्यानं तो सहसा तरतो. गळायला लागतात ते जुने रबरी सील आणि नळ्या. त्या सगळ्या सुरुवातीलाच नव्या टाकाव्यात.

वेगाचा प्रश्न इंजिनापेक्षा डिफरन्शियलचा आहे, हे बऱ्याच जणांना पैसे खर्चून झाल्यावर कळतं. समजा शेवटचा गिअर सरळ आहे, डिफरन्शियलचं प्रमाण 6.8 आहे आणि चाकाचा घेर 3.2 मीटर. इंजिन मिनिटाला 2800 फेऱ्यांवर किंचाळत असताना चाक फिरतं 412 वेळा, म्हणजे ताशी 79 किलोमीटर. इथं दुप्पट ताकदीचं इंजिन टाकूनही, फेऱ्या त्याच असतील तर वेग तोच. प्रमाण 5.3 केलं तर तेवढ्याच फेऱ्यांत 100 च्या पुढं जाता येईल, पण चढावरचा जोर त्याच हिशेबानं घटेल. हौद्यात माल भरायचाच नसेल तर चालतं. तरीही जुन्या नाकवाल्याला 60-65 च्या वर नेण्यात मला काही अर्थ दिसत नाही. तिथं डिफरन्शियल शांत असतं आणि खिडकीतून बोलता येतं.

विजेचं काम कंटाळवाणं पण सरळ. कापडी वेष्टणाची वायर दिसली की ती पूर्ण उपटून नवी टाकायची, तुकड्यांना तुकडे जोडायचे नाहीत. डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवला की कमी फेऱ्यांतही बॅटरी भरते. प्रत्येक फांदीला फ्यूज द्यायचा. स्टिअरिंगला हायड्रॉलिक मदत जोडायची तर आधी किंगपिन आणि टाय रॉडची टोकं बदला. नाहीतर पंप फक्त ढिलेपणाच जोरात फिरवत राहतो.

केबिनपाशी आलं की ‘अस्सल’पणाच्या गप्पा सुरू होतात आणि तिथंच त्या अडकतात. आपल्याकडचे बरेच ट्रक कारखान्यातून फक्त चासी, इंजिन आणि बोनेट-कावलाच्या रूपात निघायचे. केबिन आणि हौदा बांधायचा बॉडीवाला. पंजाबात सरहिंदचे बॉडीवाले, तमिळनाडूत नामक्कलचे. प्रत्येकाची छपराची गोलाई, खिडकीचा कट, फाळक्याची नक्षी वेगळी. म्हणजे मूळ रूप जर्मन माहितीपत्रकात शोधण्यात हशील नाही. ते त्या एका ट्रकच्या जुन्या फोटोत, दाराच्या लाकडाखालच्या जुन्या रंगात शोधावं लागतं. खरवडताना प्रत्येक थराचा तुकडा वहीत चिकटवून ठेवावा. मागच्या बाजूला ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायचं का, हा एक गमतीचा पेच आहे: 2015 मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी मालवाहू गाड्यांवर ते लिहायला मनाई केली. इतिहास म्हणून लिहिलंत तर वाहतूक पोलिसाला तेवढा इतिहास पटवता आला पाहिजे.

कागदपत्रांचा विचार हातोडा उचलण्याआधीच करावा. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे इंजिन किंवा चासीतला मोठा बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय करता येत नाही, आणि तो नोंदणीत उतरवावा लागतो. 2021 मध्ये केंद्रानं 50 वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. पण तो नियम दुचाकी आणि खासगी चारचाकी डोळ्यांपुढं ठेवून लिहिलेला आहे, आणि त्यात गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठी उलथापालथ नको, अशी अट आहे. ट्रक बांधणाऱ्याची इथं दुहेरी कोंडी होते. म्हणून काढलेला प्रत्येक मूळ भाग, इंजिनासकट, ग्रीस लावून, चिठ्ठी बांधून ठेवावा आणि नवे भाग शक्यतो मूळच्याच भोकांत, बोल्टनं बसवावेत, कापून-जोडून नव्हे. उद्या नियम बदलले किंवा पुढच्या पिढीला दुसरी बुद्धी झाली तर परतीची वाट मोकळी राहते.

रस्त्यावरची पहिली फेरी रिकाम्या हौद्यानं, सपाट रस्त्यावर. परत आल्यावर चारही ड्रमना हात लावून बघायचा: एक गरम आणि तीन गार असतील तर तिथला बूट चिकटतोय. चाकांच्या नटांना पुन्हा पाना लावायचा. मग थोडी थोडी वाळूची पोती चढवायची, लहान उतार बघायचे, पुन्हा ड्रम तपासायचे. बोरघाट सगळ्यात शेवटी.